रक्तवाहिनीच्या पेशींसाठी इलेक्ट्रोस्पन पीसीएल चकत्या: वापरानंतरचे परीक्षण

पॉलिकॅप्रोलॅक्टोन, म्हणजेच पीसीएल, या कृत्रिम बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) द्रावणातून उच्च विद्युतदाबाने ओढलेल्या, म्हणजेच इलेक्ट्रोस्पन, अतिसूक्ष्म तंतूंपासून तयार केलेल्या आणि पेशी वाढवण्याच्या चोवीस खणांच्या प्लेटमध्ये बसणाऱ्या पांढऱ्या चकत्या आता लहान प्रयोगशाळांनाही मागवता येतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील आणि चंदगड-गडहिंग्लजकडून येथे शिकायला येणारे जीवतंत्रज्ञानाचे विद्यार्थी पदव्युत्तर प्रकल्पासाठी या चकत्या घ्याव्यात का, असे वारंवार विचारतात, म्हणून त्यांच्यावर रक्तवाहिनीच्या अंतःस्तर पेशी वाढवताना जे दिसले ते येथे सविस्तर लिहीत आहे. ज्या उत्पादकाचा माल आम्ही वापरला त्याचे नाव देत नाही, कारण या प्रकारच्या बहुतेक चकत्यांना पुढील गुणदोष थोड्याफार फरकाने लागू पडतात. माझे मत आधीच सांगते: चकती घेण्यासारखी आहे, परंतु वेष्टनावर छापलेला ‘पेशी पेरण्यास तयार’ हा शेरा खरा धरून कोणीही काम सुरू करू नये.

या कामाची गरज कोठून येते हे ठाऊक असल्याशिवाय चकतीची पारख करता येत नाही. मधुमेहामुळे गुडघ्याखालच्या धमन्या बंद झालेले आणि डायलिसिससाठी हातात नळी जोडून घ्यावी लागलेले रुग्ण आपल्या भागात कमी नाहीत, आणि निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात विडीच्या व्यसनातून पायांच्या लहान धमन्या बंद करणारा बर्जरचा आजार काय असतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. मोठ्या धमनीच्या जागी कृत्रिम नळी बसवण्याचे तंत्र जुने आहे. आर्थर व्हूरहीस यांनी विनयॉन-एन या कापडाच्या नळ्यांचे प्रयोग १९५२ मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढे डेक्रॉन (पॉलिस्टर) व विस्तारित पीटीएफई (टेफ्लॉनचा प्रकार) या पदार्थांनी ती जागा घेतली. अडचण लहान नळ्यांची आहे. आतील व्यास सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा कमी झाला की याच पदार्थांच्या नळीत रक्त गोठू लागते, किंवा जोडाच्या ठिकाणी आतला थर जाड होत जाऊन मार्ग बंद होतो. निरोगी रक्तवाहिनीच्या आतून अंतःस्तर पेशींचा एकेरी आणि अखंड थर असतो, आणि तो नायट्रिक ऑक्साइड व प्रोस्टासायक्लिन स्रवून प्लेटलेटना तेथे जमू देत नाही. हाच थर कृत्रिम नळीच्या आत आधी पेरून मग ती नळी शरीरात बसवावी, हा विचार हेरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रयोगाने पुढे आणला. चकतीवर काम करणे म्हणजे अशा नळीच्या भिंतीचा एक सपाट तुकडा तपासणे होय.

पाकीट उघडल्यावर सर्वांत आधी एक चकती बाजूला काढावी आणि तिच्यावर मायक्रोपिपेटने पाण्याचा एक लहानसा थेंब ठेवावा. प्रक्रिया न केलेल्या चकतीवर तो थेंब गोल उभा राहतो आणि कितीतरी वेळ आत मुरत नाही, कारण पीसीएल मुळातच पाण्याला दूर ठेवणारे आहे आणि तंतूंच्या फटींत अडकलेली हवा त्यात आणखी भर घालते. प्लाझ्माप्रक्रिया (विद्युतभारित वायूने पृष्ठभाग पाणी धरणारा करणे) नीट झालेल्या चकतीवर तोच थेंब पाहता पाहता पसरतो, तंतूंत शिरतो आणि तेवढ्या भागाचा शुभ्र रंग मंदावून तो किंचित पारभासक होतो. आम्हाला आलेल्या एका खेपेत वेष्टनावर प्लाझ्माप्रक्रियेचा ठसा होता, तरीही थेंब उभाच राहिला. त्यामागे फसवणूकच असेल असे नाही. पीसीएलचे काचसंक्रमण तापमान (ज्याखाली पदार्थ काचेसारखा ताठ होतो ते) उणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असल्यामुळे त्याच्या रेणुसाखळ्या खोलीच्या तापमानालाही हालत राहतात, प्लाझ्माने पृष्ठभागावर आणलेले जलस्नेही गट हळूहळू आत वळतात, आणि माल उष्ण जागी पडून राहिला तर हे अधिक लवकर घडते. पाकिटावर निर्जंतुकीकरणाची तारीख होती, परंतु प्लाझ्माप्रक्रियेची नव्हती, आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीने दुसरी तारीखच अधिक महत्त्वाची आहे. उत्पादकाने ती छापलीच पाहिजे.

अंतःस्तर पेशी मिळवण्याचा सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे नवजात बाळाच्या नाळेतील शीर. एरिक जॅफे आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये कोलॅजिनेज या विकराने शिरेच्या आतील थर सोडवून या पेशी वाढवण्याची पद्धत वर्णिली आणि आजही तीच पद्धत थोड्या बदलाने वापरली जाते. नाळ घेण्यासाठी नीतिसमितीची परवानगी आणि आईची लेखी संमती आवश्यक असते. आपल्या भागात संमतिपत्र कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत तयार ठेवावे, ते प्रसूतीच्या कळा सुरू होण्यापूर्वी शांतपणे वाचून दाखवावे आणि शंका विचारायला वेळ द्यावा, असा माझा आग्रह आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून आलेल्या बाईला इंग्रजी कागदावर सही करायला लावणे याला संमती म्हणता येत नाही. विकत घेतलेल्या गोठवलेल्या पेशीही चालतात, मात्र दोन्ही बाबतींत पहिल्या पाच-सहा उपसंवर्धनांपलीकडे (वाढलेल्या पेशी नव्या भांड्यांत वाटून पुन्हा वाढवण्याच्या फेऱ्यांपलीकडे) जाऊ नये. त्यानंतर पेशींची वाढ मंदावते, त्यांचा आकार मोठा व पसरट होतो आणि चकतीचा दोष कोणता व पेशींच्या वयाचा परिणाम कोणता हे वेगळे करता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. पीसीएलच्या रेणूत पेशीला धरून राहता येईल अशी कोणतीही खूण नाही. पेशी पृष्ठभागाला थेट चिकटत नाही. आधी माध्यमातील प्रथिने पृष्ठभागावर बसतात आणि पेशीच्या आवरणातील इंटिग्रिन नावाचे ग्राही त्या प्रथिनांवरील ठरावीक जागा ओळखतात. फायब्रोनेक्टिनमधील ही जागा अवघ्या तीन अमिनो आम्लांची, म्हणजे आर्जिनीन, ग्लायसीन आणि अॅस्पार्टिक आम्ल यांची असते, हे पियर्शबाखर आणि रुओस्लाहती यांनी १९८४ मध्ये दाखवले. कोरड्या, जलद्वेष्ट्या चकतीवर सीरम घातले तर विपुल असलेले अल्ब्युमिन आधी जागा अडवते आणि ते पेशींच्या उपयोगाचे नसते. त्यामुळे पाकिटातून थेट काढलेल्या चकतीवर पेरलेल्या पेशी दुसऱ्या दिवशी गोलच राहिलेल्या, एकमेकींना धरून पुंजके झालेल्या दिसतात आणि माध्यम बदलताना त्यातील बऱ्याच वाहून जातात. त्याच चकत्या आधी अल्कोहोलच्या उतरत्या सांद्रतेतून ओल्या करून, अल्कोहोल पूर्ण धुऊन, मग ०.२ टक्के जिलेटिनमध्ये किंवा फायब्रोनेक्टिनच्या द्रावणात ठेवल्या, तर काही तासांतच पेशी चपट्या होऊन तंतूंवर पसरू लागतात. जिलेटिन स्वस्त असून विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला पुरेसे आहे. फायब्रोनेक्टिनने पकड अधिक घट्ट येते, पण त्याचा खर्च चकतीच्या खर्चाला मागे टाकतो. माहितीपत्रकात या पूर्वतयारीचा उल्लेख शेवटच्या पानावर ‘ऐच्छिक’ म्हणून आहे. माझ्या मते ती अनिवार्य आहे आणि ती पहिल्या पानावर असायला हवी.

पेरणीच्या वेळची दुसरी अडचण म्हणजे चकती तरंगते. माध्यम ओतले की तिची एक कड उचलली जाते, खाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि अर्ध्या पेशी चकतीऐवजी प्लेटच्या तळाशी जातात. यावर उत्पादक प्लास्टिकची कडी वेगळी विकतो आणि तिची किंमत मला अवाजवी वाटते. आम्ही उद्यमबागमधील एका लेथ वर्कशॉपमधून खणाच्या आतील व्यासाला बेताने बसतील अशा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या कड्या करून घेतल्या. हायड्रॉलिक्सच्या सुट्या भागांवर रोज काम करणाऱ्या कारागिरांना मिलिमीटरच्या दहाव्या भागाचे माप सांगावे लागले नाही, त्यांनीच ते विचारून घेतले, कडांवरचा बारीक बर काढून दिला आणि कडीला वरून चिमट्याने धरण्यासाठी एक खाच ठेवण्याची सूचनाही केली. या कड्या ऑटोक्लेव्हमध्ये पुन्हा पुन्हा निर्जंतुक करता येतात. चकती मात्र ऑटोक्लेव्हमध्ये कधीही ठेवू नये, कारण पीसीएल सुमारे ६० अंशांनाच वितळते आणि १२१ अंशांच्या वाफेतून प्लास्टिकचा एक गोळा तेवढा बाहेर येतो. कडी बसवल्यावर पेशींचे घट्ट द्रावण अगदी थोड्या आकारमानात चकतीच्या मध्यावर सोडावे, प्लेट तासभर किंवा थोडी अधिक इन्क्युबेटरमध्ये न हलवता ठेवावी आणि मगच उरलेले माध्यम खणाच्या कडेने सावकाश भरावे.

चकतीचा सर्वांत गैरसोयीचा गुण म्हणजे तिची अपारदर्शकता. साध्या उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली प्लास्टिकच्या तळावरील पेशी लख्ख दिसतात, पण चकतीवर नुसती धूसर सावली दिसते, त्यामुळे वाढ कोठवर आली हे रोज डोळ्यांनी पाहण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याची येथे कोंडी होते. म्हणूनच त्याच प्लेटमध्ये, त्याच पेशी, त्याच दिवशी जिलेटिन लावलेल्या साध्या प्लास्टिकवरही पेराव्यात. तुलनेसाठी तर त्या हव्यातच, शिवाय बुरशी किंवा जिवाणूंचा शिरकाव झाला तर तो तेथे आधी दिसतो, कारण चकतीच्या तंतूंत लपलेली बुरशी माध्यमाचा रंग पिवळा पडेपर्यंत कळत नाही. बेळगावच्या जुलै-ऑगस्टच्या ओल्या हवेत ही काळजी फार उपयोगी पडते.

पेशी प्रत्यक्ष पाहायच्या असतील तर रंगवून, प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखालीच पाहाव्या लागतात. निळ्या रंगाच्या वाहिनीत तंतूंचाही उजेड दिसतो, त्यामुळे केंद्रकांची मोजणी करताना पेशी नसलेली एक चकती रंगवून शेजारी ठेवणे आवश्यक आहे. जिलेटिन लावलेल्या चकतीवर साधारण आठवड्याच्या शेवटी अंतःस्तर पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या व्हीई-कॅडेरिन या प्रथिनाला रंगवले, तेव्हा बऱ्याच भागांत पेशींच्या कडांवरून जाणारी सलग बारीक रेषा दिसली आणि पेशी फरसबंदीसारख्या एकमेकींना लागून बसलेल्या होत्या. ती रेषा पाहून विद्यार्थ्यांना जो आनंद झाला तो रास्त होता. ही रेषा सलग असणे याचा अर्थ पेशींनी एकमेकींशी सांधा जुळवला आहे. जेथे ती तुटक असते तेथे खालचा पदार्थ उघडा राहिलेला असतो, आणि प्रत्यक्ष नळीत रक्त गोठण्याची सुरुवात अशाच उघड्या जागी होऊ शकते. आमच्या चकत्यांवर मध्यभाग भरलेला आणि कड विरळ, असे चित्र वारंवार दिसले. त्यात पेरणीच्या पद्धतीचा वाटा आहे, तसाच चकतीच्या जाडीतील असमानतेचाही आहे, कारण कडेकडे तंतूंचा थर नुसत्या डोळ्यांनाही पातळ जाणवत होता.

तंतूंची जाडी आणि दिशा यांबद्दल उत्पादकाची बाजू घ्यावीशी वाटते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी आम्ही काही चकत्या कोल्हापूरला पाठवल्या, आणि सांगितलेल्या मर्यादेत बसणारे, गाठी नसलेले, स्वच्छ तंतू प्रतिमांमध्ये दिसले. समांतर तंतूंच्या चकतीवर पेशी तंतूंच्या दिशेने लांबट झाल्या, तर विस्कळीत तंतूंच्या चकतीवर त्यांना ठरावीक दिशा नव्हती. धमनीतील अंतःस्तर पेशीही रक्तप्रवाहाच्या दिशेने लांबट असतात, त्यामुळे समांतर तंतूंचा पर्याय उपयुक्त आहे आणि प्रकल्पात दोन्ही प्रकारांची तुलना केल्यास शिकण्यासारखे बरेच आहे. पाठवण्यापूर्वी पेशी ग्लुटारल्डिहाइडने स्थिर करून चढत्या सांद्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन वाळवाव्यात, मात्र अॅसिटोन अजिबात वापरू नये, कारण त्याने पीसीएलचे तंतू फुगतात व विरघळतात.

वाढीच्या मोजमापासाठी माहितीपत्रक एमटीटी ही जिवंत पेशी रंगावरून मोजण्याची चाचणी सुचवते. हा सल्ला मला पटत नाही. एमटीटीतून तयार होणारे जांभळे स्फटिक तंतूंत अडकून राहतात, ते पूर्ण विरघळले की नाही हे कळत नाही आणि पेशी मरत असल्याने तीच चकती पुढच्या दिवशी पुन्हा मोजता येत नाही. त्याऐवजी रिझाझ्युरिन हे रंगद्रव्य वापरावे. निळा रंग गुलाबी होण्याच्या प्रमाणावरून जिवंत पेशींचा अंदाज येतो, आणि थोडा वेळच ठेवले तर पेशींना विशेष इजा होत नसल्याने एकच चकती पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी मोजता येते. यातली एक गोष्ट मात्र कधीही विसरू नये: मोजणीपूर्वी चकती चिमट्याने उचलून नव्या, स्वच्छ खणात ठेवावी. जुन्या खणाच्या तळावर गळून पडलेल्या पेशी प्लास्टिकवर झपाट्याने वाढतात आणि चकती तेथेच ठेवून मोजल्यास त्यांचे श्रेय चकतीला मिळते. प्रकल्प अहवालांतील कित्येक उत्साहवर्धक आलेख या एका पायरीने खाली येतील, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

चकती काय दाखवू शकत नाही हेही स्पष्ट असावे. तंतूंमधील फटी इतक्या लहान असतात की पेशी पृष्ठभागावरच राहतात. अंतःस्तराच्या एकेरी थरासाठी हे योग्यच आहे, परंतु स्नायुपेशींना भिंतीत आत शिरायला लावायचे असेल तर ही चकती निरुपयोगी आहे, त्यासाठी जाड तंतूंची आणि मोठ्या फटींची जाळी हवी. शिवाय खणातील माध्यम स्थिर असते. धमनीत वाहत्या रक्ताचा पेशींवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० ते २० डाइन (बलाचे एकक) इतका घर्षणताण पडतो, आणि स्थिर माध्यमात नीट बसलेल्या पेशी एकदम अशा प्रवाहाखाली आणल्या तर सुटून जाऊ शकतात, म्हणून प्रवाह हळूहळू वाढवत त्यांना तयार करावे लागते. लॉरा निक्लसन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पीजीएच्या (पॉलिग्लायकोलिक आम्ल या शरीरात विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या) जाळीवर आठ आठवडे स्पंदनशील प्रवाहाखाली धमनी वाढवून दाखवली, त्यात प्रवाहाचा वाटा पदार्थाइतकाच मोठा होता. पुढे शिनओका आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये चार वर्षांच्या मुलीला तिच्याच पेशी पेरलेली फुप्फुसधमनी बसवल्याचे प्रसिद्ध केले. तिचा आधार पीसीएल व पॉलिलॅक्टिक आम्ल यांच्या सहबहुवारिकाचा होता आणि त्याला पीजीएची बळकटी दिलेली होती, म्हणजे ही चकती ज्या कुळातली आहे ते पदार्थ माणसाच्या शरीरापर्यंत पोहोचलेले आहेत. अमेरिकेच्या एफडीए या औषधनियामक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये हातापायांच्या धमन्यांच्या दुखापतीसाठी मान्य केलेल्या सिमवेस या नळीचा मार्ग वेगळा आहे: पीजीएच्या जाळीवर दात्याच्या स्नायुपेशी वाढवून नंतर सर्व पेशी काढून टाकल्या जातात आणि मागे उरते ती प्रथिनांची भिंत. या सगळ्या टप्प्यांच्या तुलनेत चकती अगदी पहिल्या पायरीवर आहे. तिच्या वेष्टनावर रक्तवाहिनीचे रंगीत चित्र छापून विद्यार्थ्याला ती शेवटची पायरी वाटावी असे करणे मला योग्य वाटत नाही.

पुरवठ्याबद्दल तक्रार आहे. एप्रिलमध्ये आलेल्या पार्सलमधील काही चकत्यांच्या कडा वळलेल्या होत्या आणि त्यांवर पारदर्शक ठिपके पडले होते, म्हणजे वाटेत कोठेतरी उन्हात राहून तंतू एकमेकांत मिसळले होते. खोक्यात थंड ठेवण्याची कोणतीही सोय नव्हती आणि तापमान किती वाढले हे दाखवणारी पट्टीही नव्हती. विक्रेत्याने छायाचित्रे पाहून त्या बदलून दिल्या हे खरे, पण त्यासाठी बराच पाठपुरावा करावा लागला आणि तोवर पेशी उपसंवर्धनात पुढे सरकल्या. आपल्या भागात मार्च ते मे या काळात या चकत्या मागवू नयेत, आणि मागवाव्याच लागल्या तर रात्रीच्या बसने येणारे पार्सल सकाळी स्वतः उतरवून घ्यावे. आल्यावर त्या फ्रिजमध्ये, कोरड्या व बंद डब्यात ठेवाव्यात. उघडलेल्या पाकिटातील उरलेल्या चकत्या ७० टक्के अल्कोहोलने निर्जंतुक करून वापरता येतात. मात्र त्या तासन्‌तास यूव्हीखाली ठेवू नयेत, कारण त्याने तंतू ठिसूळ होतात आणि किरण आतील थरापर्यंत पोहोचतही नाहीत.

किमतीच्या मानाने साधी, प्लाझ्माप्रक्रिया न केलेली चकती मला अधिक फायद्याची वाटते, कारण प्लाझ्माचे जादा पैसे देऊनही जिलेटिनची पायरी टळत नाही आणि प्रक्रिया टिकून आहे याची खात्री मिळत नाही. समांतर तंतूंच्या चकत्या महाग असल्या तरी तुलनेपुरत्या थोड्या घ्याव्यात. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी हा माल सुचवणार नाही, त्यांनी आधी प्लास्टिकवर पेशी सातत्याने वाढवून दाखवाव्यात. पदव्युत्तर प्रकल्पासाठी, जेथे कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटरला इन्व्हर्टरचा आधार आहे आणि प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक जवळपास उपलब्ध आहे, तेथे तो नक्की घ्यावा. मागणी नोंदवताना त्या खेपेच्या तंतूंची सरासरी जाडी, चकतीच्या मध्याची व कडेची जाडी, विद्रावकाच्या अवशेषाची चाचणी आणि प्रक्रियेची तारीख या चार गोष्टी लेखी मागाव्यात. विशेषतः विद्रावकाच्या अवशेषाबद्दल टाळाटाळ झाली तर मागणी रद्द करावी, कारण क्लोरोफॉर्म किंवा तत्सम विद्रावक तंतूंत राहिला तर पेशी मरतात आणि विद्यार्थी कित्येक आठवडे आपल्याच हातांना दोष देत बसतो.